वाचकांचे प्रश्न : बेडकांच्या हाका रात्रभर टिपताना

रानातल्या बेडकांवर आणि भेकांवर (टोड, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकांवर) लक्ष ठेवण्यासाठी स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचं निसर्गमंडळ तळ्याकाठी एक ध्वनिमुद्रक लावणार आहे. हंगामाच्या शेवटी तळ्यात किती बेडूक आहेत हे सांगता येईल का?

नाही. हे आधीच मान्य करून काम आखलंत तर पुढचा मनस्ताप वाचेल. यंत्र बेडूक मोजत नाही, हाका टिपतं. हाका देणारे बहुतेक नर असतात. माद्या, पिल्लं आणि त्या रात्री गप्प बसलेले नर नोंदीत येतच नाहीत. शिवाय एकच नर एका रात्रीत हजारो वेळा हाक देऊ शकतो, त्यामुळे हाकांच्या आकड्यावरून बेडकांचा आकडा काढता येत नाही.

एका यंत्रातून भरवशाने कळतं ते असं : तळ्यावर कोणत्या जाती आहेत, कोणती जात कधी बोलू लागली आणि कधी थांबली, रात्रीच्या कोणत्या प्रहरी जोर असतो, पावसाशी आणि तापमानाशी त्याचा मेळ कसा बसतो. हेच दरवर्षी त्याच जागी, त्याच सेटिंगवर नोंदवत गेलात तर एखादी जात टिकून आहे की ओसरतेय, हे दिसायला लागतं.

ढोबळ प्रमाण हवं असेल तर उत्तर अमेरिकेच्या उभयचर निरीक्षण कार्यक्रमात १९९७ ते २०१५ या काळात वापरलेली श्रेणी घ्या. हाक नसेल तर ०. नर सुटे मोजता येत असतील आणि दोन हाकांमध्ये मोकळी जागा असेल तर १. हाका एकमेकींवर चढतात पण नर वेगळे ओळखता येतात, तर २. सगळा एकच अखंड कल्लोळ असेल तर ३. मात्र ३ म्हणजे तीस नर की तीनशे, ते ही श्रेणी सांगत नाही, म्हणून तिची सरासरी काढून लोकसंख्येचा आलेख रंगवू नका.

खरी घनता काढायची असेल तर एकाच वेळी अनेक मायक्रोफोन लागतात. एकच हाक कोणत्या मायक्रोफोनवर किती मोठी आणि किती उशिरा पोहोचली यावरून हाका कुठून आल्या आणि एका यंत्राला किती अंतरापर्यंतचं ऐकू येतं, याचा हिशेब मांडतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप द्वीपकल्पावरच्या आर्थ्रोलेप्टेला लाइटफुटी या इवल्याशा शेवाळ-बेडकावर ही पद्धत वापरली गेली आहे. यात घड्याळं जुळलेली असणं हा कळीचा मुद्दा आहे. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे घड्याळात एक मिलिसेकंदाची चूक झाली की अंतरात ३४ सेंटीमीटरची चूक आलीच. साधी सुटी यंत्रं इथे चालत नाहीत. एकाच मुद्रकाला वायरने जोडलेले किंवा जीपीएसवर जुळवलेले मायक्रोफोन लागतात. आणि शेवटी हाकांच्या घनतेवरून नरांची घनता काढायला एक नर मिनिटाला सरासरी किती हाका देतो, हे प्रत्यक्ष बसून मोजावं लागतंच.

प्रश्न : सॅम्पलिंग रेट किती ठेवावा? पूर्ण रात्र मुद्रण केलं तर कार्ड आणि सेल किती दिवस पुरतील?

सॅम्पलिंग रेट म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतं तो दर. नियम सोपा आहे. जो सर्वांत उंच सूर टिपायचा, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त दर हवा. बहुतेक बेडकांच्या हाकेचा मुख्य भाग २०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ यांच्या दरम्यान बसतो, त्यामुळे १६ किलोहर्ट्झ बऱ्याच ठिकाणी पुरतो. तरी आमचा सल्ला ३२ किलोहर्ट्झचा आहे. वरच्या पट्टीतले लहान बेडूक सुटत नाहीत आणि रातकिड्यांचे सूर मूळ जागी दिसतात. ८ किलोहर्ट्झवर जागा वाचते, पण यंत्रातली निम्म्या दरापलीकडचे, म्हणजे ४ किलोहर्ट्झपलीकडचे सूर अडवणारी गाळणी चोख नसेल तर ५ किलोहर्ट्झचा किडा घडी पडून ३ किलोहर्ट्झवर दिसतो आणि तिथे बेडूक असल्याचा भास होतो.

आता हिशेब. १६ बिट, एका वाहिनीचं मुद्रण ३२ किलोहर्ट्झवर केलं तर मिनिटाला ३.८४ एमबी, म्हणजे तासाला सुमारे २३० एमबी जागा लागते. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा सलग मुद्रण केलं तर रात्रीला जवळजवळ २.८ जीबी होतात आणि ६४ जीबीचं कार्ड २३ रात्रींत भरतं. तेच दर दहा मिनिटांतलं एक मिनिट मुद्रित केलं तर रात्रीला ७२ मिनिटं, २७७ एमबीच्या आत. तेवढ्याच कार्डावर सव्वादोनशेहून जास्त रात्री बसतात.

सलग मुद्रणाचा मोह बहुतेकांना होतो, पण त्याची गरज क्वचितच असते. लागोपाठची मिनिटं एकमेकांसारखीच असतात. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं आणि दर सहा मिनिटांना एक मिनिट, दोन्हींत तासाला दहाच मिनिटं होतात, पण रात्रभर विखुरलेल्या एकेका मिनिटात जास्त जाती सापडण्याची शक्यता असते. दुसरं म्हणजे ज्या जाती मोठ्या पावसानंतर दोन-तीन रात्रीच बोलतात, उदाहरणार्थ अमेरिकेतले स्पेडफूट भेक, त्यांच्यासाठी रोज थोडं मुद्रण हवं. आठवड्यातून एकदा जाऊन रात्रभर मुद्रण करण्यात ते नेमके हुकतात.

सेलचा अंदाज कागदावर करू नका. एकाच यंत्रात कार्ड बदललं तरी खर्च बदलतो, कारण कार्डावर लिहिताना लागणारी वीज ब्रँडगणिक निराळी असते. ठरलेलं वेळापत्रक लावून यंत्र घरीच आठवडाभर चालवा आणि व्होल्टेज किती उतरलं ते पाहा. ऑडिओमॉथसारखी यंत्रं प्रत्येक फाइलच्या शीर्षकभागात व्होल्टेज आणि तापमान लिहून ठेवतात, तेही तपासता येतं. थंड प्रदेशात अल्कलाइन सेलऐवजी १.५ व्होल्टचे लिथियम सेल घ्या. गारठ्यात अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात.

प्रश्न : यंत्र नेमकं कुठे बांधावं? आमच्या मुद्रणांत पाण्याचा आणि पानांचाच आवाज भरलेला असतो.

आवाज नंतर संगणकावर स्वच्छ करू, या भरवशावर जागा निवडली की असं होतं. पाण्याचा खळखळाट बेडकांच्याच पट्टीत पसरलेला असतो, तो नंतर वेगळा निघत नाही.

ओढ्यावर काम असेल तर जिथे पाणी दगडांवरून पडतं तिथपासून दूर जा आणि संथ डोहाजवळ जागा शोधा. पंधरा-वीस मीटर सरकल्याने मोठा फरक पडतो. यंत्र जमिनीपासून दीड मीटरवर, आणि पुराची सर्वांत वरची खूण दिसते तिच्याही वर बांधा. हाताच्या जाडीची, वाऱ्यात न हलणारी फांदी किंवा रोवलेला खांब चांगला. रुंद बुंध्यावर बांधलं तर मागच्या बाजूचा आवाज अडतो. आजूबाजूची एखादी डहाळी वाऱ्याने यंत्राला टेकणार असेल तर ती बाजूला बांधून टाका, कारण पानाचा एक घासरा सबंध रात्र खराब करतो. पट्ट्याचं मोकळं टोक लोंबतं ठेवू नका.

मायक्रोफोनचं भोक किंचित खाली कलतं ठेवा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत यंत्र बांधणं स्वस्त पडतं, पण पिशवीवर पडणारा प्रत्येक थेंब ढोल वाजवल्यासारखा नोंदला जातो. त्यापेक्षा आवाज आत सोडणारा पण पाणी अडवणारा पडदा असलेली डबी वापरा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि सेल बदलाल तेव्हा पुडीही बदला. डबीच्या कडेच्या रबरावर वाळूचा एक कण अडकला तरी ओल आत शिरते, म्हणून झाकण लावण्याआधी त्या खाचेवरून कोरडं कापड फिरवा.

गेन, म्हणजे यंत्र आवाज किती वाढवून घेतं ती पातळी, मध्यम ठेवा. तळ्याकाठी कल्लोळ माजतो तेव्हा जवळचा नर अर्ध्या मीटरवर ९० ते १०० डेसिबलपर्यंत ओरडत असू शकतो. गेन जास्त असेल तर लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार सुरांची उंची दाखवणाऱ्या चित्रावर) नसलेले सूर उमटतात. १.२ किलोहर्ट्झच्या कल्लोळाची खोटी छाया ३.६ किलोहर्ट्झवर दिसते. तिथे दुसरी जात आहे असं समजून नोंद केली की ती चूक पुढे कायमची राहते. पहिल्या दोन रात्रींची मुद्रणं ऐकून गेन पक्का करा आणि मग हंगामभर त्याला हात लावू नका. दोन जागांची तुलना करायची असेल तर दोन्हींकडे गेन एकच हवा. एवढं करूनही दाट झाडीत आणि उघड्या पाण्यावर ऐकू येण्याचं अंतर सारखं नसतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, झाडीत त्याहून अधिक.

प्रश्न : मोबाइलने मुद्रण केलं तर चालणार नाही का?

जात ओळखण्यासाठी उत्तम चालतं. ऑस्ट्रेलियन म्युझियमचा २०१७ साली सुरू झालेला फ्रॉगआयडी प्रकल्प मोबाइलवरच उभा आहे आणि तिथे आलेली मुद्रणं तज्ज्ञ ऐकून पडताळतात. पण फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो आणि फाइल दाबून साठवतो, त्यामुळे हाका किती मोठ्या होत्या याची तुलना त्यावरून करू नये. आणि फोन तुम्ही तिथे असाल तेव्हाच ऐकतो.

प्रश्न : दोन जातींच्या हाका कानाला सारख्याच वाटतात. स्पेक्ट्रोग्रामवरून फरक कसा ओळखायचा?

यासाठी उत्तर अमेरिकेतल्या करड्या वृक्षबेडकांची जोडी पाहण्यासारखी आहे. हायला व्हर्सिकलर आणि हायला क्रायसोसेलिस दिसायला एकसारखे. पहिल्यात गुणसूत्रांचे चार संच, दुसऱ्यात दोन. दोघांचीही हाक थरथरती, पण तिच्यातल्या ठोक्यांचा वेग वेगळा. २० अंशांना पहिल्याचे सेकंदाला सुमारे २० ठोके पडतात, दुसऱ्याचे ४०च्या आसपास.

आता मोजायचं कसं? स्पेक्ट्रोग्रामची खिडकी, म्हणजे चित्र काढताना एका वेळी घेतलेला आवाजाचा तुकडा, इथे दगा देते. १६ किलोहर्ट्झच्या मुद्रणावर ५१२ नमुन्यांची खिडकी ठेवली तर ती ३२ मिलिसेकंदांची होते. सेकंदाला ४० ठोके म्हणजे दोन ठोक्यांत २५ मिलिसेकंद. खिडकी ठोक्यापेक्षा लांब, त्यामुळे ठोके एकमेकांत मिसळून एक सलग पट्टा दिसतो. खिडकी आणखी लांब, २०४८ नमुन्यांची केली तर एका सुराच्या जागी ४० हर्ट्झच्या अंतरावर आडव्या रेघांची शिडी उमटते आणि नवशिक्याला वाटतं की हाकेत अनेक सूर आहेत. १२८ नमुन्यांची, म्हणजे ८ मिलिसेकंदांची खिडकी घ्या. ठोके उभ्या रेघांसारखे सुटे दिसतील.

खरं माप मात्र लहरीवरच घ्या. एक स्वच्छ हाक निवडा, पहिल्या माथ्यापासून शेवटच्या माथ्यापर्यंतचा वेळ मोजा, माथ्यांच्या संख्येतून एक वजा करून त्या वेळेने भागा. ०.८ सेकंदांत १७ माथे असतील तर १६ भागिले ०.८, म्हणजे सेकंदाला २०. एका नराच्या चार-पाच हाकांचं माप घ्या.

आणि तापमान लिहिल्याशिवाय हे माप निरुपयोगी आहे. बेडकाच्या अंगाचं तापमान वाढलं की ठोके जलद पडतात. उबदार रात्रीचा व्हर्सिकलर गारठलेल्या क्रायसोसेलिसच्या जवळ जाऊ शकतो. यंत्राच्या पोटातला तापमापक डबीतली हवा सांगतो. नर पाण्यात बसून ओरडत असेल तर पाण्याचं आणि फांदीवर असेल तर त्या उंचीच्या हवेचं तापमान वेगळ्या नोंदकाने घ्या. सुराची उंची बेडकाच्या आकारावरही अवलंबून असते, मोठा नर खालच्या सुरात बोलतो. म्हणून फक्त वारंवारतेवरून दोन जवळच्या जाती वेगळ्या काढू नका.

प्रश्न : सॉफ्टवेअरने एका महिन्याच्या मुद्रणांत हजारो हाका शोधल्या. या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

पडताळणी होईपर्यंत अजिबात नाही. बेडकांच्या हाका यंत्राकडून ओळखून घेण्याचा प्रयत्न नवा नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बेडकांसाठी अँड्र्यू टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ सालीच अशी यंत्रणा मांडली होती आणि क्वीन्सलँडमध्ये १९३५ साली आणलेल्या केन टोड या भेकाचा फैलाव टिपण्यासाठी पुढे संवेदकांची जाळी उभारून पाहिली गेली. तेव्हापासून ओळखणारे प्रोग्राम खूप सुधारले, पण त्यांची चुकण्याची कारणं बरीचशी तीच आहेत : रातकिडे, पावसाचे थेंब, दूरचं इंजिन, आणि ज्या जाती प्रोग्रामला शिकवल्याच नाहीत त्यांच्या हाका. न शिकवलेली जात तो जवळच्या शिकवलेल्या जातीच्या नावावर टाकतो.

प्रत्येक हाकेपुढे ० ते १ मधला गुण येतो. ०.८ गुण म्हणजे ८० टक्के खात्री, असा अर्थ लावू नका. त्या गुणाचा अर्थ तुमच्या तळ्यावर काय होतो, ते तुम्हालाच काढावं लागतं. प्रत्येक जातीसाठी गुणांचे गट पाडा, ०.१ ते ०.२, ०.२ ते ०.३ असे. प्रत्येक गटातून पन्नास तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा, गुण झाकून ऐका, बरोबर की चूक लिहा. ज्या गुणाच्या वर शंभरातले पंचाण्णव बरोबर निघतात, तिथे उंबरठा ठेवा. हा उंबरठा जातीगणिक वेगळा येतो, आणि जागा बदलली की पुन्हा तपासावा लागतो. जिथे ती जात मुळात विरळ आहे तिथे त्याच गुणावर चुकांचं प्रमाण वाढतं.

हे झालं चुकीच्या नोंदींचं. सुटलेल्या हाका कळण्यासाठी आणखी शंभर मिनिटं कोणतीही निवड न करता घ्या आणि पूर्ण ऐका. यात कंटाळा येतो, पण ते टाळून चालत नाही. कल्लोळात प्रोग्राम हमखास कमी पडतो : हाका एकमेकींत मिसळतात, त्यातली एकही शिकवलेल्या नमुन्यासारखी दिसत नाही, आणि बेडूक सर्वांत जास्त असतात त्याच रात्री नोंदी घटतात. आलेखात ऐन हंगामात खड्डा दिसला तर आधी ती मुद्रणं ऐका.

तळ्यावर एखादी जात आहे की नाही एवढंच हवं असेल तर काम बरंच सोपं आहे. प्रत्येक रात्रीचे सर्वांत जास्त गुणांचे दहा तुकडे ऐका. एक पक्की हाक मिळाली की ती रात्र संपली, पुढच्या रात्रीकडे वळा. एखाद्या जागेवरची पहिलीच नोंद मात्र दोन जाणकारांनी ऐकल्याशिवाय यादीत घालू नये.

पावसाची मुद्रणं सरसकट वगळणारे अनेक जण असतात. बेडकांच्या बाबतीत हे घातक आहे, कारण ते त्याच वेळी बोलतात. जोरदार सरींची मिनिटं 'ऐकता आलं नाही' म्हणून वेगळी लिहा, 'बेडूक नाही' म्हणून नव्हे.

प्रश्न : पाच रात्री मुद्रण केलं, अपेक्षित भेक ऐकू आला नाही. तो तिथून नाहीसा झाला असं लिहू का?

हिशेब करून पाहा. भेक तिथे असूनही एका रात्रीत तुमच्या मुद्रणात सापडण्याची शक्यता ०.४ असेल, तर पाचही रात्री हुकण्याची शक्यता ०.६चा पाचवा घात, सुमारे ८ टक्के. सहा रात्री केल्या तर ५ टक्क्यांच्या खाली येते. शक्यता ०.२च असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी १४ रात्री लागतात. ही शक्यता जिथे तो भेक आहे हे माहीत आहे, अशा तळ्यांवरच्या नोंदींवरून काढता येते. यात एक अट आहे : त्या सगळ्या रात्री त्याच्या हंगामातल्या हव्यात. कोरड्या थंड आठवड्यातल्या तीस रात्रीही काही सिद्ध करत नाहीत.

काही जातींची हाक इतकी मंद असते की ती काही मीटरपलीकडे पोहोचत नाही. काही बेडूक पाण्याखालीच बोलतात, आफ्रिकेतला झेनोपस हे त्याचं ठळक उदाहरण. त्यांच्यासाठी काठावरचा मायक्रोफोन उपयोगाचा नाही, पाण्यात सोडायचा हायड्रोफोन हवा. बोर्निओतल्या ह्युया कॅव्हिटिम्पॅनम या बेडकाच्या हाका पूर्णपणे श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू येण्यापलीकडच्या उंच सुरात, असू शकतात. ३२ किलोहर्ट्झवर लावलेलं यंत्र त्यांना बहिरंच. अशा जागी डोळ्यांनी शोध आणि बेडूकमाश्यांची पाहणी यांना पर्याय नाही.

प्रश्न : फाइलवरच्या वेळा आमच्या वहीशी जुळत नाहीत. बेडूक भर दुपारी ओरडल्यासारखे दिसतात.

यंत्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे आणि वही स्थानिक वेळेवर, असंच बहुतेक वेळा निघतं. एकच ठरवा आणि ते प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर लिहा. सेल काढल्यावर अनेक यंत्रांचं घड्याळ शून्यावर जातं, म्हणून सेल बदलल्यावर वेळ पुन्हा लावूनच निघा. एरवीही साधं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला दीड-दोन सेकंद सरकू शकतं, महिन्याला जवळपास मिनिटभर. यंत्र काढताना त्याच्यासमोर फोनवरची वेळ मोठ्याने म्हणा. ती मुद्रणात राहते आणि घड्याळ किती सरकलं ते नंतर कळतं.

प्रश्न : मुद्रणं ठेवायची कशी? आणि यंत्रं हलवताना काही पथ्य?

मूळ फाइली डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एमपी३ करू नका, बारीक ठोक्यांचा तपशील त्यात हरवतो. 'कामाचे' तुकडे ठेवून बाकी पुसू नका. पुएर्तो रिकोतल्या कोकी बेडकांची १९८३ मधली मुद्रणं जपून ठेवली होती, म्हणूनच २००६ मध्ये त्याच डोंगरउतारावर पुन्हा मोजल्यावर हाकांचे सूर उंचावलेत आणि हाका आखूड झाल्यात, हे दाखवता आलं. प्रत्येक कार्डासोबत जागेचे अक्षांश-रेखांश, यंत्राचा क्रमांक, उंची, मायक्रोफोनची दिशा, गेन, सॅम्पलिंग रेट, वेळेचं प्रमाण, लावल्याची आणि काढल्याची तारीख लिहा. पाण्यापासून किती अंतरावर बांधलं तेही, कारण पाणी सरकतं.

माणसांचं बोलणंही यंत्रात येतं. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, यंत्रावर ते काय आहे आणि कोणाचं आहे याची चिठ्ठी लावा, आणि बोलणं असलेले तुकडे कोणालाही देण्याआधी वगळा.

एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट, खांब आणि पट्टे यांवरचा चिखल ब्रशने पूर्ण काढा, मग ७० टक्के अल्कोहोल फवारून मिनिटभर ओलं राहू द्या आणि खडखडीत वाळवा. जगभर उभयचरांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून जाते. चिखल तसाच ठेवून वरून फवारलं तर आतली बुरशी जिवंत राहते. मायक्रोफोनच्या पडद्यावर मात्र अल्कोहोल जाऊ देऊ नका, त्याने पडदा खराब होतो. फवारताना तिथे चिकटपट्टी लावा आणि पुढच्या तळ्यावर यंत्र चालू करण्याआधी ती आठवणीने काढा.